आक्काचं पित्त

आमच्या गल्लीत अजूनही कुणी म्हणतं, "आक्का पित्तानं गेली बिचारी," आणि माझं डोकं सणकतं. पित्त म्हणजे काय, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला, असं मी तोंडावर विचारते. तेराव्याला तर एक बाई आणखी पुढं गेली. हातात द्रोण, द्रोणात बुंदी, आणि म्हणते कशी, "लई तापट व्हती ना. पित्त मुरलं तिच्या अंगात." मी तिथल्या तिथं बोलले, "तापट होती म्हणून नाही मेली. तुमच्यासारख्यांचं ऐकलं म्हणून मेली." नवऱ्यानं मला कोपर मारलं. मारू दे. मेलेल्या बाईच्या नावानं जेवायचं आणि तिलाच नावं ठेवायची, ही कुठली रीत?

कौसल्याआक्का गारखेड्यात आमच्या समोरच्या घरात राहायची. एसटीत कंडक्टर होती. मी फुलंब्रीच्या एका शाळेत शिकवते, रोज अप-डाऊन करते, आणि सकाळच्या फुलंब्री गाडीवर बरेचदा तिचीच ड्यूटी असायची. त्यामुळं ती मला घरीही भेटायची आणि गाडीतही, आणि या दोन अगदी वेगळ्या बायका होत्या. हे कळायला मला बरेच दिवस लागले.

गाडीतली आक्का आधी सांगते. बुटकी, रुंद बांध्याची, खाकी साडी चापूनचोपून नेसलेली. आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस तिकिटासाठी आपोआप खिशात हात घालायचा. परतीला फुलंब्रीच्या स्टँडवर लोक पाटी बघत रेंगाळले की ती दारातून ओरडायची, "औरंगाबाद म्हणा, संभाजीनगर म्हणा, आधी आत व्हा!" स्वतःच्या सीटवर ती क्वचितच बसायची. कुणीतरी म्हातारं नाहीतर पोटुशी बाई तिथं बसवलेली असायची आणि आक्का दांड्याला टेकून उभ्या उभ्या हिशेब लावायची. वाटेत घाटाआधी चौका गावाला गाडी थांबली की मिरचीची भजी ठरलेली. "चौक्याचं भजं पोटात गेल्याबिगर घाट चढत नाय," म्हणायची. घाट गाडीला चढायचा होता, पण ते तिला सांगणार कोण?

एकदा हर्सूलला एक पांढऱ्या कपड्यांतले पुढारी चढले. खिडकीपाशी स्वतः बसले आणि शेजारच्या जागेवर भली मोठी पिशवी ठेवली. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई त्यांच्यासमोर लटकत उभी. आक्का आली.

"पिशवीचं तिकीट काढलं का?"

"पिशवीला कुठं तिकीट असतं?"

"मंग ती बसली कशी?" आक्कानं पिशवी उचलली आणि सरळ दाराच्या पायरीवर नेऊन ठेवली. "हां, बस गं माय तू."

पुढारी उठले. "ओळखता का मला?"

"पिशवी ओळखली म्या. तुमचं बगते सवडीनं."

गाडीत हशा पिकला. ड्रायव्हर रशीदभाई मागं न बघता म्हणाले, "बैठ जाओ साब. आज आक्का का पित्ता गरम है." पुढारी बसले, पिशवी मांडीवर घेऊन. आणि आक्कानं कमरेच्या पुडीतून एक आमसूल काढून गालात धरलं.

तेव्हापासून, किंवा त्याच्या आधीपासूनच म्हणा, आक्काचा राग म्हणजे आक्काचं पित्त. कॉलेजची पोरं गाडीत चढता चढता एकमेकांना विचारायची, "आज पित्त कसंय?" डेपोतही तेच. आणि आक्कानंही ते पत्करलं होतं. भांडण वाढलं की स्वतःच म्हणायची, "मला पित्त हाय, लई बोलाया लावू नका." मला तेव्हा गंमत वाटायची, आता संताप येतो. पुरुषाला राग येतो, बाईला पित्त होतं. राग म्हटलं की कशाचा ते विचारावं लागतं. पित्त म्हटलं की थंड दूध प्यायला सांगितलं, झालं काम.

आता घरातली आक्का. तिचे मालक विठ्ठलराव वाळूजला कंपनीत होते. भला माणूस. भला म्हणजे कुणालाच काही न म्हणणारा. थोरल्या भावाला विचारल्याशिवाय त्यांनी कधी दाढीचं ब्लेड तरी बदललं असेल का, शंकाच आहे. हा थोरला भाऊ म्हणजे नाना. फुलंब्रीच्या पलीकडं गाव, बागायती जमीन, गावात शब्दाला वजन. महिन्यात दोन-तीनदा ते शहरात कामाला यायचे आणि आक्काकडं उतरायचे. तेवढे दिवस समोरच्या घरातून आवाज म्हणून येत नसे. जी बाई अख्खी गाडी एका हाकेत मागं सरकवायची, ती स्वयंपाकघराच्या दाराआडून पुटपुटायची, "व्हय भाऊजी." ताटात मीठ कमी पडलं तर नाना मोठ्यानं सांगायचे आणि ही डोक्यावरचा पदर सावरत वाटी आणून ठेवायची. एकदा मी विचारलं, "आक्का, तिथं कुठं जातं तुमचं पित्त?" ती म्हणाली, "तिथं गिळते. म्हणून तं दुखतं." आम्ही दोघी हसलो होतो.

दुखणं मात्र खरंच होतं. जेवल्यावर बरगडीखाली उजवीकडं कळ यायची आणि पाठीत, उजव्या खांद्याखाली निघायची. आक्का म्हणायची पित्त, गल्ली म्हणायची पित्त, कोपऱ्यावरचा औषधवाला पित्ताची गोळी द्यायचा. भजी बंद झाली. चौक्याला गाडी थांबली की ती दुसरीकडं तोंड करून उभी राहायची.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न लासूर स्टेशनला होतं. आक्काला मी आग्रहानं नेलं. तिथलं जेवण तुम्हाला माहीत आहे, वांग्याच्या भाजीवर बोटभर तेल. आक्का चवीनं जेवली. आणि मंडपातून बाहेर येता येता खुर्चीला धरून खाली बसली. चेहरा घामानं डबडबलेला, उलटी होईना, श्वास घेववेना. झालं, बाया गोळा झाल्या. एकीनं सोडा आणला, दुसरीनं बेंबीवर हिंग लावला, तिसरीनं कुठून तरी थंड दूध पैदा केलं. एक म्हातारे मामा काठीवर रेलून म्हणाले, "बाई, राग कमी करत जा. पित्ताला राग वाईट." ते आक्काला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते! पण तिची कीर्ती लासूरपर्यंत पोचली होती.

संध्याकाळपर्यंत कळ ओसरली. दूधवाली बाई म्हणाली, "बगा, माझं दूधच कामाला आलं." हा या दुखण्याचा खरा हलकटपणा आहे. ते आपोआप येतं, आपोआप जातं, आणि जाताना सगळं श्रेय शेवटच्या उपायाला देऊन जातं. मग पुढच्या खेपेला पुन्हा दूध.

मी काही ऐकलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिला ओढत नेऊन सोनोग्राफी केली. तिथून एका सर्जन डॉक्टरबाईंकडं गेलो. तरुण होत्या, शांत बोलायच्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या पित्ताशयात खडे आहेत."

आक्का माझ्याकडं वळली. "म्या म्हणत व्हते ना? पित्तच हाय."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "याच शब्दानं घोटाळा होतो. तुम्ही ज्याला पित्त म्हणता, ती जठरातली जळजळ. आंबट ढेकर, घशाशी येतं ते. हे पित्त वेगळं. हे यकृतात तयार होतं आणि यकृताखाली एक छोटी पिशवी असते, तिच्यात साठतं. त्या पिशवीत खडे झालेत. तेलकट खाल्लं की पिशवी आवळते आणि खडा तोंडाशी अडकतो, म्हणून कळ येते. आमसुलानं काही होणार नाही."

मग त्यांनी इलाज सांगितला. दुर्बिणीतून ऑपरेशन, खड्यांसकट पिशवीच काढायची, थोड्याच दिवसांत कामावर. पिशवी नसली तरी अन्न पचतं, यकृतातलं पित्त सरळ आतड्यात जातं. "पण लांबणीवर टाकू नका. खडा घसरून नळीत अडकला तर कावीळ होते. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. डोळे पिवळे आणि थंडी वाजून ताप, असं दिसलं तर कुठं थांबायचं नाही, सरळ इथं यायचं. ते जिवावर बेततं."

आक्कानं सगळं नीट ऐकलं. मग तिनं एकच विचारलं, "हे रागानं झालंय का?"

"रागाचा याच्याशी काहीएक संबंध नाही."

रिक्षात ती सूतगिरणी चौकापर्यंत सोनोग्राफीचा कागद उलटसुलट करून बघत होती. मग म्हणाली, "मास्तरीनबाई, म्हंजी मला राग खराच येत व्हता म्हना की."

 

ऑपरेशनचा दिवस ठरला. मी शाळेत होते, माझी बारावीच्या परीक्षेची ड्यूटी होती. संध्याकाळी दवाखान्यात डबा घेऊन जावं म्हणून घरी येऊन पोळ्या लाटायला घेतल्या, तर समोरच्या ओट्यावर आक्का मेथी निवडत बसलेली!

"ऑपरेशन?"

"नाय झालं."

दवाखान्यात तिला हिरवे कपडे घालून बसवलं होतं. काउंटरवरच्या माणसानं विठ्ठलरावांपुढं कागद सरकवला, नातेवाइकानं सही करा म्हणून. तेवढ्यात नानांचा फोन आला. पोट फाडू देऊ नको, म्हणाले. माझा खडा पानानं पडला, हिचाबी पडंल, मी पानं घेऊन निघालोच. विठ्ठलराव गाडी बाजूला लावून येतो म्हणाले आणि गेले ते दुपारपर्यंत आलेच नाहीत. दवाखान्यानं पुढच्या पेशंटला घेतलं.

"तुम्ही का नाही भांडलात?" मी ओरडलेच.

"कोनाशी भांडू? त्यांची सही नाय मिळाली, तं काय करनार? त्याबिगर आत घेत नसतेत." असं ती अगदी शांतपणे म्हणाली. शाळेच्या पोरांना पास नसताना गाडीत घेत नाहीत, तसं.

नाना पानं घेऊन आले. पानफुटीची पानं, रोज सकाळी उपाशीपोटी, वर हुलग्याचं पाणी. नानांना खडा झाला होता तो मुतखडा. लघवीच्या वाटेतला. तो लहान असला तर भरपूर पाण्यानं आपोआप पडतो, पानं खा नाहीतर खाऊ नका. पित्ताशयाचा लघवीच्या वाटेशी काडीचा संबंध नाही. पण दोन्हीला आपण खडाच म्हणतो ना! मी नानांच्या समोर जाऊन हे सांगितलं. वहीवर चित्र काढून सांगितलं. हे मूत्रपिंड, हे यकृत, ही वाट निराळी, ती वाट निराळी. नाना चित्र बघून हसले. "मास्तरीनबाई, खडा तो खडा. वरून खाली पडनारच." आत आक्का कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी होती.

मी तिला गाडीत गाठलं. तिथं तरी ती माझी होती. "आक्का, नवीन तारीख घ्या. मी येते बरोबर."

"लग्नसराई उलटू द्या. रजा नाय भेटत. आन घरात एकदा नाय म्हनले ना, आता पुन्ना इषय काढला की लई वाढतं." मग पुढं सरकून एका पोरावर खेकसली, की पाय आत घे, रस्त्यावर ठेवून जायचाय का? रशीदभाई आरशातून बघत म्हणाले, "आज फिर पित्ता उठेला है." मला त्या दिवशी हसू आलं नाही. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "रशीदभाई, त्यांना पित्त नाही, राग आलाय." त्यांनी मान डोलावली, पण कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही.

खडा पडला. पानानं पडला की आपल्या मनानं, ते सोडा. पडला आणि जिथं पडू नये तिथं पडला, पित्ताच्या नळीत. मी तेव्हा सुट्टीत माहेरी लासूरला गेले होते. इकडं आक्काचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं तिला आठवत होतं. ती विठ्ठलरावांना म्हणालीही, चला. विठ्ठलरावांनी नानांना फोन लावला. नानांनी तिला गावाकडं नेलं, कावीळ उतरवणाऱ्याकडं.

हा माणूस वेलीच्या काड्यांची माळ डोक्यात घालतो. सकाळी टाळूएवढी असते, दुसऱ्या दिवसापर्यंत गळ्यातून खाली लोंबते. माळ लांबली की कावीळ उतरली. काड्या वाळल्या की दोऱ्याचे फास सैल होतात आणि माळ लांबते, एवढी साधी गोष्ट. साधी कावीळ पथ्यानं, विश्रांतीनं बहुतेक बरी होतेच, त्यामुळं त्याचं नाव झालेलं. पण इथं नळीला बूच बसलं होतं. हळद नको, तेल नको, आणि माळ आहे तोवर डॉक्टरची सुई नको, असं त्यानं बजावलं. थंडी वाजून ताप भरला तर म्हणे विष बाहेर पडतंय. गावच्या घरात ही बाई तापानं फणफणत माळ घालून पडून होती आणि लोक येऊन माळ किती लांबली ते बघून जात होते. काय म्हणावं या लोकांना!

मी परत आले तर समोरच्या घराला कुलूप. विठ्ठलरावांना फोन केला. ते म्हणाले, "उतरायलीय. माळ पोटापर्यंत आलीय." मी तशीच निघाले. रशीदभाईंचीच गाडी होती. त्यांना सांगितलं, तर ते पहिल्यांदाच गंभीर आवाजात म्हणाले, "ले के आओ मॅडम. परतीला मी फाट्यावर थांबतो."

नानांच्या अंगणात काय झालं ते मी सगळं सांगत नाही. शिव्या मी दिल्या. मोठ्या माणसाला, त्याच्या दारात, गावासमोर. "बाईमाणसानं आवाज चढवू नये," ते म्हणाले. "मला पित्त नाही झालेलं," मी म्हटलं, "मला राग आलाय. तुमचा." आक्का खाटेवर होती. हात लावला तर चटका बसला. उन्हात हळद वाळत घालावी तसा चेहरा. मी ती माळ तोडली. नाना आडवे आले नाहीत, एवढं खरं. विठ्ठलराव आमच्याबरोबर निघाले आणि वाटभर रडत बसले. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

दवाखान्यात त्याच डॉक्टरबाई होत्या. बघताक्षणी त्यांनी धावपळ सुरू केली. नळीत खडा अडकून वर पू झालाय, विष रक्तात उतरतंय, म्हणाल्या. तोंडातून दुर्बीण घालून नळी मोकळी करायची, आत्ताच्या आत्ता. पिशवीचं ऑपरेशन मागाहून, आधी जीव.

नळी मोकळी झाली, खडाही निघाला. पण उशीर झाला होता. आधी मूत्रपिंडं थांबली, मग एकेक करत बाकीचं. पुढचे दिवस ती यंत्रांच्या खोलीत होती आणि शुद्धीवर नव्हती. त्यातली आक्का मी धरत नाही. मी तिला शेवटची पाहिली ती आत नेण्याआधी, स्ट्रेचरवर.

अंगात कापरं होतं, पण शुद्ध पक्की होती. सिस्टरनं विठ्ठलरावांच्या हातात कागद आणि पेन दिला. त्यांनी पेन घेतला, आणि दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढला. नानांचा नंबर लावायला लागले. तिथं, त्या वेळी, माझ्या डोळ्यांदेखत!

मी काही करायच्या आत आक्का बोलली. आवाज बारीक होता, पण गाडीतला होता.

"डॉक्टरबाई, मपलं पोट हाय. मपली सही नाय चालत का?"

डॉक्टरबाई तिच्याकडं वळल्या. "चालते की मावशी. तुम्ही शुद्धीवर आहात. खरं तर तुमचीच लागते."

"काउंटरवर तं यांची मागितली व्हती."

"ते सगळ्यांनाच मागतात. पण निर्णय तुमचा असतो. तुम्ही हो म्हटलं, पुरे."

आक्कानं नवऱ्याच्या हातून पेन ओढून घेतला. पडल्या पडल्या पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. विठ्ठलराव फोन कानाला लावून तसेच उभे होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्या घरात तिला तसं बघताना मी पाहिलं नव्हतं.

"मंग तवाबी चालली असती," आक्का म्हणाली.

विचारलं नाही तिनं. सांगितलं. आणि स्ट्रेचर आत गेलं.